चार कोटी शून्यं

१५ ते २४ एप्रिल २०१६. कॅलिफोर्नियातलं वॉलमार्टचं एक दुकान. त्यातल्या एका वस्तूची या दहा दिवसांतली विक्री अशी: ०, ०, ०, ०, ०, १, ०, ०, ०, ०.

वस्तू कोणती ते कळायला मार्ग नाही. फायलीत तिचं नाव ‘हॉबीज १-००२’ एवढंच आहे, म्हणजे छंदाच्या सामानातलं काहीतरी. चित्रकलेचे रंग असतील, शिवणाचं सामान असेल. बुधवारी, २० तारखेला, कोणीतरी एक नग उचलून गल्ल्यावर आणला. आधी पाच दिवस आणि नंतर चार दिवस त्या मालाला उठाव नाही. आता सांगा, सोमवारी, २५ तारखेला, किती खपतील? मंगळवारी? आणि त्यापुढे रोज?

हा प्रश्न २ मार्च २०२० रोजी साऱ्या जगासमोर ठेवला गेला. कॅगल या संकेतस्थळावर ‘एम-५’ नावाची स्पर्धा भरली, तिच्या दोन भागांना मिळून एक लाख डॉलरची बक्षिसं होती. वॉलमार्टने आपल्या दहा दुकानांची पाच वर्षांहून जास्त काळाची रोजची विक्री उघड केली: कॅलिफोर्नियातली चार दुकानं, टेक्सासमधली तीन, विस्कॉन्सिनमधली तीन. वस्तू ३,०४९. दिवस १,९४१, म्हणजे २९ जानेवारी २०११ पासून २२ मे २०१६ पर्यंत. परीक्षा त्यापुढच्या २८ दिवसांची.

गुणाकार करून बघू. ३,०४९ वस्तू गुणिले १० दुकानं म्हणजे ३०,४९० ओळी. प्रत्येक ओळीत १,९४१ घरं. एकूण ५,९१,८१,०९०. ही फाइल कोणी वाचायला घेतली, एका सेकंदाला एक घर असा वेग ठेवला, झोप नाही, जेवण नाही, तर वाचून संपायला ६८५ दिवस लागतील. पावणेदोन वर्षांहून जास्त. आणि हा नुसता नमुना आहे. वॉलमार्टची अमेरिकेत सुमारे ४,६०० दुकानं आहेत आणि मोठ्या दुकानात लाखाच्या घरात वस्तू असतात. कंपनीच्या तंत्रज्ञांनी जाहीरपणे सांगितलेला हिशेब असा की वस्तू आणि दुकान यांच्या सुमारे ५० कोटी जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीचा पुढच्या ५२ आठवड्यांचा अंदाज काढावा लागतो. म्हणजे २,६०० कोटी अंदाज.

एका सेकंदाला एक, याच वेगाने एखाद्या कारकुनाने हे अंदाज लिहून काढायचे ठरवले, तर त्याला सव्वाआठशे वर्षं लागतील. आज संपवायचं तर त्याने देवगिरीवर यादवांचं राज्य असताना, ज्ञानेश्वरांच्या जन्माआधी सत्तर-पंचाहत्तर वर्षं, लेखणी हाती घ्यायला हवी होती. आणि संपवून मान वर करेपर्यंत पुढचा आठवडा उजाडलेला असणार, कारण हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही. संगणकाला ते ठरावीक तासांत उरकून पुन्हा नव्याने मांडायचं असतं. ॲमेझॉनने २०२१ साली सांगितलेला आकडा वेगळ्या जातीचा, पण तितकाच घेरी आणणारा आहे: रोज ४० कोटींहून अधिक वस्तूंच्या मागणीचा अंदाज.

असे आकडे ऐकले की आपण माना डोलावतो. मीही डोलावली. पण ती वॉलमार्टची फाइल उघडून बसल्यावर मला गरगरायला लावलं ते कोटींनी नव्हे. शून्यांनी.

त्या ५ कोटी ९१ लाख घरांपैकी दोन-तृतीयांशांहून थोडी जास्त घरं शून्याची आहेत. ढोबळ मानाने चार कोटी शून्यं. जगातल्या सर्वांत मोठ्या दुकानदाराच्या फडताळांवर बहुतेक वस्तू बहुतेक दिवशी विकल्याच जात नाहीत. लांबून जो महापूर दिसतो, तो जवळून पाहिला तर नळाच्या तोटीतून ठिबकणारं पाणी आहे. ठिबकणाऱ्या पाण्याचा पुढचा थेंब नेमका कधी पडेल, हे सांगणं पुराची पातळी सांगण्यापेक्षा कितीतरी अवघड.

अवघड किती, तेही मोजता येतं. समजा, एखादी वस्तू सरासरीने दिवसाला एक खपते. गिऱ्हाइकं एकमेकांना विचारून येत नाहीत, ज्याला गरज तो येतो. अशा वेळी एकही नग न खपण्याची शक्यता सुमारे ३७ टक्के निघते. एक खपण्याची शक्यताही तेवढीच, ३७. दोनाची १८. तीन किंवा जास्त खपण्याची ८. ही टक्केवारी यंत्राच्या अडाणीपणामुळे आलेली नाही. सरासरी अगदी अचूक ठाऊक असली, तरीही उद्याचं उत्तर या जुगारातच राहतं. त्याउलट दिवसाला दहा हजार नग खपणारी वस्तू घ्या. तिथे नैसर्गिक चढउतार दहा हजारांच्या वर्गमुळाइतका, म्हणजे शंभराच्या आसपास. एक टक्का. म्हणून एका राज्यात उद्या एकंदर किती माल खपेल हे सांगणारा छातीठोकपणे बोलू शकतो, आणि एका दुकानात एका खणात काय होईल हे सांगणारा चाचरतो. चाचरला नाही तर तो खोटं बोलतो आहे, असं समजायला हरकत नाही.

आता शून्याकडे परत येऊ, कारण सगळी शून्यं सारखी नसतात.

फायलीत दर वर्षी २५ डिसेंबरला जवळपास सगळ्या ओळी शून्यावर येतात. पाच वर्षं, पाच नाताळ, पाच खड्डे. त्या दिवशी लोकांना दूध-पाव नको होता असं नाही, दुकानाचं दार बंद होतं. माणसाला हे सांगावं लागत नाही. यंत्राला सांगितलं नाही, तर ते २४ आणि २६ डिसेंबरच्या अंदाजाची वाट लावून ठेवतं. काही ओळींच्या सुरुवातीला शेकडो शून्यं सलग आहेत. ‘हॉबीज १-००१’ ही त्याच कॅलिफोर्नियाच्या दुकानातली पहिलीच ओळ अशी आहे. वस्तू तेव्हा दुकानात आलेलीच नव्हती. एरवी खरोखरच कोणी फिरकलं नाही म्हणून पडलेलं शून्य असतं, ते प्रामाणिक.

आणि चौथं शून्य असतं, जे मला सर्वांत जास्त छळतं. गिऱ्हाईक आलं, फडताळासमोर उभं राहिलं, खण रिकामा होता, निघून गेलं. गल्ल्यावर त्याची नोंद कशी होईल? शून्य. कोणाला नको होतं म्हणून पडलेलं शून्य आणि हवं असून मिळालं नाही म्हणून पडलेलं शून्य, दोन्ही फायलीत एकाच गोल आकड्याने लिहिलेली असतात. विक्री म्हणजे मागणी नव्हे. विक्री म्हणजे मागणीला मालाने जिथवर साथ दिली तिथवरची मागणी.

हे क्वचित घडतं असंही नाही. कोर्स्टन आणि ग्रुएन या अभ्यासकांनी २००२ साली जगभरच्या पाहण्या एकत्र करून काढलेली सरासरी आहे ८.३ टक्के. म्हणजे यादीतल्या दर बारा वस्तूंमागे एक त्या क्षणी खणात नसते. त्याहून चक्रावून टाकणारा आकडा २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनातला. निकोल डीहोरेशिअस आणि अनंत रामन यांनी एका मोठ्या किरकोळ विक्रेत्याच्या ३७ दुकानांतल्या जवळपास ३ लाख ७० हजार नोंदी प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहिल्या. संगणकातला साठा आणि खणातला साठा जुळत नव्हता अशा नोंदी किती? ६५ टक्के. तीनांतल्या दोन. चोरी, फुटतूट, भलत्याच फळीवर ठेवलेला माल, दोन स्वादांची पाकिटं एकाच बारकोडवर घाईत दोनदा फिरवणं, कारणं साधीच असतात.

याचा परिणाम मात्र साधा नसतो. संगणकात ‘शिल्लक ४’ असं आहे, खण रिकामा आहे. चार आहेत म्हणून नवी मागणी गोदामाकडे जात नाही. माल नाही म्हणून विक्री शून्य. विक्री शून्य म्हणून अंदाज बांधणारं यंत्र शिकतं की या वस्तूला इथे उठाव नाही. उठाव नाही म्हणून पुढे माल धाडायचंच कारण उरत नाही. कागदावरचे चार नग खऱ्या गिऱ्हाइकांना दारातून परत पाठवत राहतात, आणि जितका काळ हे चालतं तितकं यंत्राचं मत पक्कं होत जातं. पाच कोटी घरांत असं घर शोधायचं कसं?

काही वाटा आहेत. रोज पाच-सहा नग जाणाऱ्या वस्तूची ओळ अचानक आठ दिवस शून्यावर आली, शेजारच्या दुकानात तीच वस्तू पूर्वीसारखी जाते आहे, तर कोणाला तरी पाठवून खण बघावा. हा हिशेब यंत्राला छान जमतो. पण ‘हॉबीज १-००२’सारख्या ओळीत, जिथे दहा दिवसांत एक नग जातो, तिथे आठ शून्यं म्हणजे काहीच पुरावा नाही.

यंत्र शिकतं तरी कसं, हे थोडक्यात. या स्पर्धेत बाजी मारली ती ‘निर्णयवृक्ष’ नावाच्या पद्धतीने. वृक्ष म्हणजे प्रश्नांची उतरंड. आज शनिवार आहे का? गेल्या आठवड्यात याच वारी किती गेले? भाव उतरला आहे का? महिन्याची पहिली तारीख आहे का? एका वृक्षाचा अंदाज चुकतो, तेव्हा उरलेल्या चुकीवर दुसरा वृक्ष लावायचा, त्याच्या चुकीवर तिसरा, असे शेकडो. एकेक वृक्ष मठ्ठ, पण एकमेकांच्या चुका पुसत गेले की एकंदर उत्तर बरं येतं.

त्यातला महिन्याच्या तारखेचा प्रश्न मला वाटलं त्याहून खोल निघाला. अमेरिकेत गरीब कुटुंबांना अन्न घेण्यासाठी सरकारी मदत मिळते, तिला ‘स्नॅप’ म्हणतात. ती कार्डावर जमा होते, आणि कोणत्या तारखांना जमा व्हायची हे राज्य ठरवतं. या फायलीत कॅलिफोर्नियाच्या त्या तारखा १ ते १०, सलग. टेक्सास आणि विस्कॉन्सिन आपापले दहा दिवस पहिल्या पंधरवड्यात मध्ये मध्ये खंड पाडून वाटतात. फायलीत प्रत्येक राज्यासाठी या तारखांचा एक वेगळा रकाना आहे, आणि खाद्यपदार्थांच्या विक्रीवर त्याचा ठसा उमटतो. पगाराच्या आठवड्यात किराणा दुकानासमोर लागणारी रांग आपण पाहिलेली असते, ती पाच वर्षांच्या आकड्यांत अशी दिसते. यंत्राला भूक कळत नाही, तारीख कळते. नाव नसलेल्या वस्तू, नाव नसलेली गिऱ्हाइकं, आणि तरी एका रकान्यामुळे घरातला रिकामा डबा दिसू लागतो.

निकाल सांगतो. सुमारे साडेपाच हजार संघ उतरले होते. जिंकला दक्षिण कोरियातल्या क्युंग ही विद्यापीठात पदवीचं शिक्षण घेणारा विद्यार्थी. त्याने २२० प्रतिमानं उभी केली: दहा दुकानांची दहा, दुकान आणि मालाचा वर्ग यांच्या जोड्यांची तीस, दुकान आणि विभाग यांच्या जोड्यांची सत्तर, आणि ही ११० दोन वेगळ्या रीतींनी. शेवटी प्रत्येक ओळीसाठी सहा प्रतिमानांची साधी सरासरी. हे सगळं करून तो आयोजकांच्या सर्वोत्तम पारंपरिक सूत्रापेक्षा २२.४ टक्क्यांनी सरस ठरला.

हे पारंपरिक सूत्र कोणतं? त्याचा गाभा असा: उद्याचा अंदाज म्हणजे थोडा आजचा प्रत्यक्ष आकडा आणि थोडा आजसाठी कालच बांधलेला अंदाज. बस, एवढंच. रॉबर्ट ब्राऊन या अमेरिकी नौदलासाठी काम करणाऱ्या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात ही कल्पना लढवली आणि पन्नासच्या दशकात ती नौदलाच्या सुट्या भागांच्या साठ्याला लावली. पाटीवर करता येईल असं गणित. साडेपाच हजार संघांपैकी किती जणांनी त्याला हरवलं? ४१५. साडेसात टक्के. बाकी साडेब्याण्णव टक्के संघ जगातली सगळी संगणकशक्ती हाताशी असताना सत्तर वर्षं जुन्या सूत्राच्या मागे राहिले. त्याहून वाईट म्हणजे निम्म्याहून अधिक संघांना ‘जे काल झालं तेच रोज होईल’ या आळशी अंदाजालाही मागे टाकता आलं नाही.

स्पायरोस माक्रिडाकिस यांना याचं आश्चर्य वाटलं नसावं. हे ग्रीक संशोधक या स्पर्धांचे जनक. १९७९ साली त्यांनी मिशेल इबों यांच्यासोबत १११ आकडेमालिका घेऊन दाखवलं होतं की साधी सूत्रं भारी संख्याशास्त्रीय पद्धतींना हरवतात, आणि लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीत तेव्हाच्या दिग्गजांनी त्यांना चांगलंच फैलावर घेतलं होतं. माक्रिडाकिसांनी वाद घालत बसण्याऐवजी १९८२ मध्ये १,००१ मालिकांची खुली स्पर्धा घेतली. मग २००० साली ३,००३, २०१८ साली एक लाख. एम-५ मध्ये पहिल्यांदाच शिकणारी यंत्रं ठळकपणे वर आली. तीही एकूण बेरजेच्या पातळीवर जास्त, आणि दुकान-वस्तूच्या सर्वांत खालच्या पायरीवर जेमतेम. शून्यांच्या राज्यात फार फरक पडला नाही.

मग मोठ्या कंपन्या यावर एवढा पैसा का ओततात? कारण गोदामाला अंदाज नको असतो, निर्णय हवा असतो. ‘सरासरी एक जाईल’ हे ऐकून गोदामप्रमुखाचं काम होत नाही. त्याला विचारायचं असतं, किती ठेवू म्हणजे शंभरांतल्या पंच्याण्णव वेळा माल कमी पडणार नाही? याचं उत्तर देताना सरासरीवर जादा साठा धरावा लागतो. चढउतार घंटेच्या आकाराच्या वक्राप्रमाणे असतील, तर ९५ टक्के खात्रीसाठी तो चढउताराच्या प्रमाण विचलनाच्या १.६४५ पट, ९९ टक्क्यांसाठी २.३२६ पट, ९९.९ टक्क्यांसाठी ३.०९ पट. म्हणजे पंच्याण्णववरून नव्व्याण्णववर जाताना जादा साठा ४१ टक्क्यांनी फुगतो, आणि गिऱ्हाइकाला ‘नाही’ असं जवळपास कधीच म्हणायचं नसेल तर तो जवळजवळ दुप्पट होतो. हा जादा साठा ५० कोटी जोड्यांवर पसरा. अंदाजातली चूक एका टक्क्याने घटली, तरी जादा साठाही साधारण त्याच प्रमाणात घटतो, आणि अडकून पडलेलं भांडवल, भाडं, नासाडी त्याच्यासोबत.

जर्मनीतल्या ओटो या कंपनीने हा निर्णय यंत्राच्या हाती देऊन टाकला. तिने वापरलेली प्रणाली ब्लू यॉन्डर कंपनीची, आणि तिचं मूळ जिनिव्हाजवळच्या सर्नमधल्या कणभौतिकीत. असंख्य टकरींतून दुर्मीळ घटना हुडकायचं गणित इथे दुर्मीळ विक्री हुडकायला लागलं, आणि मला यात औचित्य दिसतं: दोन्हीकडे बहुतेक नोंदी पोकळच असतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तपशिलांनुसार ही प्रणाली ३०० कोटी जुने व्यवहार आणि हवामानासह सुमारे २०० घटक चाळत होती, महिनाभरात काय खपेल ते ९० टक्के अचूक सांगत होती, आणि महिन्याला सुमारे २ लाख नग माणसाला न विचारता मागवत होती. पडून राहणारा माल एक-पंचमांशाने घटला. परत येणाऱ्या वस्तू वर्षाला २० लाखांहून अधिक कमी झाल्या, कारण पार्सल लवकर पोचलं की माणसाचं मन बदलायला वेळ मिळत नाही. हे शेवटचं कारण वाचून मी जरा थांबलो. आपल्या चंचलपणाचाही कोणीतरी साठा मोजतो आहे.

एम-५ ची स्पर्धा भरली ते महिनेही विसरता येत नाहीत. २ मार्च ते ३० जून २०२०. हजारो लोक घरात बसून चार वर्षांपूर्वीच्या विक्रीचा अंदाज दशांश चिन्हापुढे तीन घरांपर्यंत घासत होते, आणि बाहेर त्याच अमेरिकेत शौचालयाच्या कागदाची फडताळं ओस पडली होती. आपल्याकडे कोरोनाच्या टाळेबंदीत गल्लीच्या तोंडावर खडूने आखलेल्या वर्तुळांत उभं राहून आपण पिठाची आणि तेलाची वाट पाहत होतो. त्या आठवड्यांत जगभरच्या फायलींत चौथ्या प्रकारची शून्यं किती पडली असतील, याचा हिशेब नाही.

आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडे मात्र त्याचा हिशेब होता. गिऱ्हाइकाने ‘काका, नाचणीचं पीठ आहे?’ असं विचारलं आणि ‘नाही हो’ म्हणावं लागलं, की ते त्याच्या कानावर पडलेलं असायचं. तिसऱ्यांदा ‘नाही’ म्हणावं लागलं की कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने दोन अक्षरं, आणि परवा गोणी आलेली. त्याच्याकडे चारशे-पाचशे वस्तू, पाच कोटी घरं नव्हेत. पण न झालेली विक्री नोंदवणारा एक कान होता, जो वॉलमार्टच्या गल्ल्याला नाही. ऑनलाइन दुकानांना तो पुन्हा सापडला आहे. तुम्ही वस्तू शोधता, ‘स्टॉकमध्ये नाही’ असं दिसतं, ‘आल्यावर कळवा’ हे बटण दाबता. ते दाबणं म्हणजे कॅलेंडरच्या कडेची पेन्सिल.

‘हॉबीज १-००२’ला असा कान नाही. २० एप्रिल २०१६ च्या बुधवारी कोणीतरी तिचा एक नग नेला. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार शून्य. खणात तेव्हा आणखी नग होते का, की गेला तो शेवटचाच होता, याचा रकाना त्या फायलीत नाही.